प्राचीच्या सीझनची चार गाऱ्हाणी

थोइबी, तुझं डोकं दुखतं का? खरं सांग.

काजल, गुडघा कसा आहे? अजून पट्टी बांधूनच पळतेस?

सुमित्रा, टीमच्या ग्रुपवरच्या परवाच्या व्हिडिओत जरा लंगडताना दिसलीस. घोटा सुजलाय का?

कोच मॅडम, झोप लागते का आता?

इकडे मी बरा. सुनबाई, म्हणजे प्राचीची आई, दोन वेळा जेवते. काही विचारलं तर उत्तर देते.

आज प्राचीला जाऊन वर्ष झालं.

प्राची माझ्या पुतण्याची मुलगी. अलोऱ्याच्या कॉलनीतल्या ग्राउंडवर मुलग्यांच्यात खेळून तयार झालेली. गेल्या साली महिलांच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये एका क्लबकडून अख्खा सीझन खेळायला मिळाला. सेंटर बॅक. उंच आलेला बॉल डोक्याने परतवायचा, हे तिचं काम.

बाप मुंबईला नोकरीत. त्यामुळे मनातलं सांगायला मीच, आबा.

ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. ज्याला जे मागायचं असेल ते मी देवाला मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं.

प्रत्येक मॅचच्या सकाळी हिचा फोन.

"आबा, स्पीकरवर टाकलाय. घाला."

इकडे मी देवळात. तिकडे हॉटेलच्या खोलीत मणिपूर, ओडिशा, हरियाणाच्या पोरी. एकीलाही मराठीचा गंध नाही. मी श्वास घ्यायला थांबलो तरी सगळ्या ओरडायच्या, "होय म्हाराजा!" थोइबीचा आवाज सगळ्यात मोठा.

"आबा, थोइबी विचारते, तुमच्या देवाला हिंदी येतं काय?"

"येतं गो. बोलायला लाजतो."

तेव्हाचं गाऱ्हाणं साधं होतं. जिंकून दे.

मग तिसऱ्या की चौथ्या मॅचला कॉर्नरवर हिचं डोकं दुसऱ्या मुलीच्या डोक्यावर आपटलं. मी मोबाइलवर बघत होतो. बसली. पाणी प्यायली. उठली.

मी टाळी वाजवली.

पुढच्या मॅचला मागणं बदललं.

"आबा, फ्लडलाइट डोळ्यात खुपतात. आज ते जरा मंद असू देत म्हणा."

"आणि जिंकायचं?"

"ते ऱ्हाव दे. लाइटचं सांगा."

मी सांगितलं. पोरी खिदळत म्हणाल्या, होय म्हाराजा. त्यांना काय कळतंय!

त्याच्या पुढच्या वेळी स्पीकर बंद करून, हळू आवाजात, "डोकं थांबू दे म्हणा."

"दुखतंय काय गो बाय? डॉक्टरला दाखव."

"डॉक्टर बाहेर बसवणार, आबा. एकदा बाहेर बसले की जागा गेली. दोनच मॅच उरल्यात. आईला बोलू नका हां."

दोन दिवसांनी कोच मॅडमचा फोन आला.

"आजोबा, प्राची घरी काही बोलली का? मी विचारलं की ठीक आहे म्हणते. मला तिचं काही ठीक दिसत नाही."

आता आमच्या घरातली शिस्त सांगतो. वडिलांनी घालून दिलेली. गाऱ्हाण्यात कुणी जे सांगितलं, ते देवळाची पायरी उतरल्यावर तोंडातून काढायचं नाही. कुणाचं दुखणं, कुणाच्या घरातलं भांडण, सगळं पोटात. जन्मभर पाळली. मोठा अभिमान होता मला.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "ठणठणीत आहे."

शेवटच्या मॅचच्या सकाळी प्राची म्हणाली, "आबा, आज बॉल एकच दिसू दे."

"म्हणजे?"

"कधी कधी दोन दिसतात."

तेव्हाच्या तेव्हा मॅडमना फोन करायला हवा होता. नंबर होता माझ्याकडे. मी काय केलं? देवाला कौल लावला. पाषाणाला दोन्ही बाजूंना फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर देवाचा होकार.

विचारलं, आज आमची पोर जिंकेल ना?

उजवं फूल लगेच पडलं. इतक्या लगेच की मी दचकलो.

"उजवा कौल आहे बाय. खेळ."

गाऱ्हाणं घातलं. पोरींनी आवाज दिला. सगळ्यांचा थांबल्यावर मागून प्राचीचा एकटीचा आला.

"होय... म्हाराजा."

कौल खरा ठरला. मॅच जिंकली.

दुसऱ्या हाफमध्ये एक बॉल आला. फार जोराचा नव्हता. तिने डोक्याने परतवला, दोन पावलं चालली आणि खाली बसली. मला वाटलं, आता पाणी पिऊन उठेल.

डॉक्टर म्हणाले, पहिला मार बरा झालेला नसताना वर दुसरा बसला. पहिल्यानंतर आठवडा-दोन आठवडे बसवली असती तर, असं काहीतरी ते म्हणत होते. मी पुढचं ऐकलं नाही.

देवाला बोल लावत नाही. मी मॅचचं विचारलं, त्याने मॅचचं सांगितलं. डोक्याचं त्याला विचारायचंच नव्हतं.

थोइबी, तू नंतर कळवलंस की ती खोलीत पडदे ओढून डोळ्यांवर ओला टॉवेल ठेवून बसायची, आणि तुलाही गप्प राहायची शपथ घातली होती. बाळा, तू एकोणीस वर्षांची. मी सत्तरीचा. हे ओझं तुझं नाही. खाली ठेव ते.

मान अजून माझ्याकडेच आहे. शिस्त मोडली मी. परवा वाडीतल्या एका बाईने गाऱ्हाण्यात छातीतली कळ सांगितली. पायरी उतरलो आणि तिला धरून रिक्षात बसवलं.

"आबा, देवळातलं बाहेर काढता?"

"काढतो. बस आधी."

पोरींनो, तुमचा नवा सीझन आलाय. काल तुमचा मेसेज आला, "आबा, इस बार भी गाऱ्हाणं?"

घालीन. पण आधी वर विचारलंय त्याची उत्तरं हवीत. हे सगळं ट्रान्सलेटचं बटण दाबून वाचा, दोनदा वाचा. जे दुखतंय ते आधी डॉक्टरला सांगा, मग मॅडमना, मग मला. देवाचा नंबर सगळ्यात शेवटी. त्याची हरकत नसणार.

प्राची, बाय, तुझं गाऱ्हाणं आज चारचौघांत सांगितलं. उशीर झाला गो. निघतो आता, पोरींची उत्तरं बघायचीत.

थोइबी, तू पहिली लिही. नुसतं "ठीक आहे" लिहू नकोस. ते मी ऐकलंय.

लवकर लिही.