चिपाडाची चूल

आमच्या सांगवीच्या रानात पाटाचं पाणी फिरलं, ज्वारी मागं पडली आणि ऊस उभा राहिला, याचं कौतुक सगळेच करतात. मीही करते. पण त्या उसापायी आमच्या घरातली चूल बदलली आणि थोरल्या वहिनीचे हाल झाले, ते मात्र कुणी काढत नाही.

ऊस मोठा खादाड. गोठ्यातलं सगळं शेण खत म्हणून त्यालाच जाऊ लागलं, मग शेण्या थापायच्या कशाच्या? इकडं गुऱ्हाळावर रस काढून उरलेलं चिपाड ढिगानं पडलेलं. तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ठरवलं की आता घरात चिपाडच जाळायचं. शेणीच्या चुलीचं तोंड अरुंद, त्यात चिपाड कोंबलं की घरभर धूर. म्हणून जुनी चूल फोडून रुंद तोंडाची नवी घातली.

थोरली वहिनी इंदापूरकडच्या कोरडवाहू गावची. तिचा हात शेणीच्या विस्तवावर बसलेला. शेणीच्या निखाऱ्यांचा आर सावकाश, एकसारखा तापतो. तव्यावरची भाकरी ती त्या आराला टेकवून ठेवायची आणि बोलता बोलता ती टम्म फुगायची. चिपाडाचा भडका मोठा आणि मागं नुसती राख. आर पडतच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तिच्या भाकरी एकीकडं करपायच्या, दुसरीकडं कच्च्या राहायच्या. शेजारच्या बाया नाचता येईना अंगण वाकडं म्हणून तिच्या तोंडावर हसल्या. मला त्यांचा अजून राग येतो. धाकटी वहिनी माळेगावची, चिपाडाच्या जाळावरच वाढलेली. तिचं काही अडलं नाही.

एके दिवशी थोरलीनं पडवीच्या कोपऱ्यात मातीची लहानशी चूल घातली. माळावरून शेण गोळा करून चार शेण्या थापल्या. तिला फक्त दादाच्या, तिच्या नवऱ्याच्या, भाकरी त्यावर करायच्या होत्या. तात्यांनी ती चूल बघितली.

"एका घरात दोन चुली म्हंजी वाटणी झाली," ते म्हणाले. "माझ्या देखत न्हाय व्हायची."

आमच्याकडं भाऊ वेगळे झाले की पहिली चूल वेगळी होते, त्यामुळं त्यांचं भय खोटं नव्हतं. चूल वाळायच्या आतच फोडली. दुसऱ्या दिवसापासून वहिनी खुरपं घेऊन रानात जाऊ लागली आणि भाकरी धाकटीकडं गेल्या.

पुढं तिच्या भावाच्या लग्नाला दादा आणि मी तिच्याबरोबर इंदापूरकडं गेलो. तिथं ती चुलीपुढं बसली आणि एकामागून एक भाकरी फुगल्या. दादा मान खाली घालून जेवला. परतताना गाडीत तो म्हणाला, "घरी गेल्याव तुला शेणीची चूल घालून देतो. तात्यांना मी सांगतो."

"आता नगं," वहिनी म्हणाली. "लोक म्हणतील, घर हिनंच फोडलं."



घर शेवटी फुटलंच, तात्यांच्या माघारी, उसाच्या पाण्याच्या पाळीवरून. वहिनीला वेगळं घर मिळालं. तिनं हातानं अरुंद तोंडाची चूल घातली, शेण्या थापल्या. पण तेव्हा दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं.