व्हीसीआरने गिळलेला शेवट

बुधवारी टेलर मास्तरांच्या नातीने मोबाइलवर तो पिच्चर शोधून काढला आणि रविवारी दुपारी हॉटेलातल्या टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहायचा, असं ठरलं. तेव्हापासून ते कसं टाळता येईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

वारंगा फाट्यावरच्या त्या चहाच्या हॉटेलात आम्ही पाच-सहा जण कैक वर्षांपासून एकाच गोष्टीवर भांडत आलो आहोत. आजवरचा सगळ्यात मोठा पिच्चर कोणता? हार्डवेअरवाला म्हणतो, ज्याची गाणी म्हणत माणूस घरी येतो तो. मास्तरांना हे मान्य नाही. "पिच्चर कुठं थांबतो ते पाहा. कापड कुठं थांबवायचं ते कळलं तरच सदरा अंगावर बराबर बसतो." मग ते तोच एक पिच्चर सांगतात. भावाभावांचं भांडण होतं, धाकटा घर सोडतो, त्याची एस.टी. वळणावर दिसेनाशी होते. आई चुलीपुढे त्याच्या वाटणीची भाकर ताटाखाली झाकून ठेवते. संपला पिच्चर. "पोरगं आलं का न्हाई, कोणी सांगत न्हाई. असं थांबायला छाती लागते, भाऊ!"

पिच्चर तिथे थांबत नाही. तिथे तो मी थांबवला. हे मी कधी कुणाला, अगदी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आता माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तीसेक वर्षांपूर्वी फाट्यावरच पत्र्याच्या खोलीत मी व्हिडिओ सेंटर चालवायचो. कॅसेट नांदेडहून भाड्याने यायच्या. त्या दिवशी दुपारच्या खेळाआधी कॅसेट नीट चालते का ते पाहत होतो, तर व्हीसीआरने शेवटाकडची फीत ओढून घेतली. बोटांनी सोडवायला गेलो आणि मांडीवर चुरगाळलेल्या फितीचा ढीग पडला. बाहेर माणसं जमलेली. कॅसेटचे स्क्रू काढले, खराब झालेली सगळी फीत कात्रीने कापली, उरलेलं टोक चिकटपट्टीने चक्रीला डकवलं आणि दार उघडलं. आईने भाकर झाकली तसा मी उठून टीव्ही बंद केला.

"संपला?" कुणीतरी विचारलं.

"संपला. असाच हाये तो. समजणाऱ्याला समजतो."

हे वाक्य मला कसं सुचलं कोण जाणे. पुढच्या ओळीत मास्तर बसले होते. ते उठलेच नाहीत. डोळे पुसत होते.

इथपर्यंत ती पोटापाण्यासाठी केलेली लबाडी होती, असं मी स्वतःला समजावत आलो. पुढचं समजावता येत नाही. मेंढरं राखणारे एक मामा तेव्हा आमच्यातच बसायचे. परभणीला मेंढरं विकायला गेले असताना त्यांनी तो पिच्चर थेटरात पाहिला होता. एका दुपारी मास्तरांचं बोलणं ऐकून ते म्हणाले, "न्हाई मास्तर. पोरगं वापस येतं. अनवाणी येतं. आई त्याला आधी थोबाडीत देते, मग भाकर देते. म्या पाह्यलं ना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पिच्चरच्या बाबतीत फाट्यावर माझा शब्द शेवटचा असायचा. मास्तरांचा चेहरा मला दिसत होता, आणि कापलेली फीतही. मी बशी खाली ठेवली. "मामा, थेटरातले पंखे लई थंड. डोळा लागला असंल तुमचा. सपनात पाह्यलं तुमी."

"पिच्चरमधी मेंढरं बी दिसली असतील!" हार्डवेअरवाला म्हणाला. हॉटेल हसलं. मीही हसलो. त्या दिवसापासून ते सपनमामा झाले. त्यानंतर ते आत बसले नाहीत. बाहेर उभ्यानेच चहा प्यायचे, सोबत मेंढरं नसली तरी.

गुरुवारी मी मास्तरांच्या नातीला गाठलं. "प्रिंट खराब असंल बाई, नको लावू." ती म्हणाली, "एकदम क्लिअर हाये काका." शुक्रवारी खुद्द मास्तरांकडे गेलो, सांगायचंच म्हणून. गळ्यात टेप घालून ते खुशीत बसले होते. "रविवारी कळू द्या ह्या पोरांना, पिच्चर कशाला म्हनतेत." निमित्त म्हणून पिशवीत नेलेली चांगली पँट काढली आणि दोन बोटं आखूड करायला देऊन परत आलो.

रविवारी हॉटेल भरलं. मामा बाहेर लिंबाखाली कप घेऊन उभे होते. मी आत बोलावलं, तर म्हणाले, "हितं बरं हाये." पिच्चर पुढे सरकत होता. भांडण झालं, धाकट्याने पिशवी उचलली. एस.टी. वळणाला लागली. मास्तरांनी हात वर केला. "आता पाहा."

मी उठून टीव्हीपुढे उभा राहिलो. "थांबव, पोरी."

आणि सांगितलं. फीत, कात्री, चिकटपट्टी. मामांना झोपाळू ठरवलं ते जाणूनबुजून, हेही सांगितलं, बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"म्हंजे सगळ्यात मोठा पिच्चर तुमीच काढला व्हय हो!" हार्डवेअरवाला म्हणाला. एक-दोघं हसले. मास्तर हसले नाहीत. नातीला म्हणाले, "लाव पुढं." पिच्चर पुढे सुरू झाला. तो संपायच्या आत मास्तर उठले आणि माझ्या अंगावरून निघून गेले. माझी पँट अजून त्यांच्याकडेच आहे. आणायला जायचा धीर होत नाही.

मामा दाराच्या चौकटीत येऊन उभे होते. पार शेवटपर्यंत त्यांनी पाहिलं. टीव्ही बंद झाल्यावर हळूच म्हणाले, "त्या वक्ताला मी दुसऱ्या बाजाराला परत परभणीला गेलतो. तोच पिच्चर पाह्याला. तवर थेटरातून उतरला व्हता. मंग मीच म्हनलं, असंल, लागला असंल आपला डोळा."

"चुकलं माझं, मामा."

ते कप फिरवत राहिले. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "तिनं दोनदा मारली ना थोबाडीत? मला दोनदा दिसली."

आत्ताच, उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं ते मला विचारत होते. आणि मी तर सगळा वेळ टीव्हीकडे पाहिलंच नव्हतं, त्यांच्याकडे पाहत होतो.

"मी पाह्यलं न्हाई, मामा," मी म्हणालो. "तुमी पाह्यलं. तुमी म्हनाल तेच."