किसनरावांच्या ज्वारीची काळी बिअर

सकाळी पिंगळी स्थानकावर उतरले, तेव्हा प्रज्ञा मोटारसायकल घेऊन उभी होती. ही माझी जुनी विद्यार्थिनी. आता पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यात बिअर बनवते. ताडकळसला तिच्या घरी जाता जाता तिने सगळे सांगून टाकले. मैत्रिणींना भाकरीसाठी हवी असे खोटेच सांगून तिने वडिलांकडून पोतेभर ज्वारी नेली होती आणि तिची स्टाउट (भाजलेल्या धान्याची काळी बिअर) केली होती. मालकांना ती आवडली. आता दर वर्षी ज्वारी हवी, म्हणजे वडिलांना खरे सांगणे आले.

"तुम्ही समोर असलात की आबा ओरडणार नाहीत," ती म्हणाली. मला का बोलावले, ते तेव्हा कळले.

तिचे वडील किसनराव रोज सकाळी पंचशील म्हणतात. पाच शीलांतले पाचवे, नशा आणणारे काही न घेण्याचे. ते त्यांनी लहानपणी आपल्या वडिलांसमोर घेतले आणि वरातीतसुद्धा कधी मोडले नाही.

जेवायला भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. दोन्ही इतक्या चांगल्या की मी मागून घेतल्या. हात धुताना प्रज्ञाने सांगितले आणि पिशवीतून त्या बिअरची बाटली काढली. किसनरावांचा तांब्या हातातच राहिला.

"म्हंजी माझ्या ज्वारीची दारू केली तू?"

"हो, आबा."

ते ओरडले नाहीत. मला म्हणाले, "बाई, तुमी घ्या. पाव्हण्याला आडवनार न्हाई मी. पन घरात नको, वसरीवर (पडवीत) बसा. आन् कशी हाय ते सांगा."

स्टीलच्या पेल्यातला फेस आधी माझ्या नाकाला लागला. पहिल्या घोटाला करपलेल्या भाकरीचा पापुद्रा आठवला, मग बिनसाखरेची कॉफी, आणि शेवटी आंबिलीची (ज्वारीच्या आंबवलेल्या पेजेची) आंबट झाक. हे मी क्रमाने सांगितले. मुलीचा निकाल ऐकावा तसे ते ऐकत होते.

"ज्वारी मिळनार न्हाई," ते शेवटी म्हणाले. "जे मी तोंडाला लावत न्हाई, त्याच्यासाठी पेरनार न्हाई. पन खोटं सांगून नेली, त्ये जास्त लागलं."

प्रज्ञा मान खाली घालून पेले विसळत राहिली.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. ऊन उतरल्यावर किसनरावांनी चपला घातल्या. "चल. बाजारात भिजलेली ज्वारी बी खपवायलेत लोक. तुला वळखू येत न्हाई."

"आबा, ती बिअरलाच लागणार."

"ठाव हाय. दारूसाठी न्हाई चाललो. तू फसू नये म्हनून चाललो."

ते एकेका ढिगातला दाणा दाताखाली फोडून पाहत होते. चौथ्या ढिगापाशी थांबले आणि प्रज्ञाच्या तळहातावर चार दाणे ठेवले. मग बापलेक दोघेही मान कलती करून, दाणा कसा फुटतो ते ऐकत उभे राहिले. ज्वारीवाल्या बाईला हसू आवरेना.

घरी परत येऊन हे दूर राहणाऱ्या माझ्या मुलांसाठी लिहिते आहे. त्या घरी मला पोटभर जेवण मिळाले, वसरीवर मानाची जागा मिळाली, आणि मध्ये पडायची वेळ माझ्यावर आली नाही. या सगळ्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. मुलांनो, तिकडे तुम्ही जे काही कराल, ते मला सांगून करा. मी कदाचित नाही म्हणेन. पण तुमच्याबरोबर बाजारात येईन.