अंगद ढोलकीवाल्याचं मनगट

आमच्या तमाशाच्या फडात अंगदची ढोलकी सुरू झाली, की तंबूत अगदी मागे बसलेला म्हाताराही गुडघ्यावर बोटं वाजवायला लागायचा. वगात मी राजा व्हायचो; फडात सगळे मला मास्तर म्हणत. भरजरी अंगरखा घालून पडद्याआड उभा असायचो आणि बाहेर यायला धजत नसायचो. अंगदनं थाप दिली की पाऊल पुढं पडायचं. माझ्या राज्याचा सगळा दरारा त्याच्या दोन हातांत होता. तेव्हाही मी हे लोकांना सांगत असे.

फड मोडला त्याला सोळा वर्षं झाली. मी नेकनूरला घरी आलो. अंगदही बायको जानकीबाईसह माझ्याच गल्लीत खोली घेऊन राहिला आणि बीडच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये कामाला लागला. कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना तो. शेडमध्ये जमिनीत एक लांब चर आहे. त्यात लोखंडी मळसूत्र फिरतं आणि कापूस पुढं ढकलतं. वरून पत्रा टाकलेला, पत्र्याखाली कापसाचा थर, त्यामुळं ते चालू आहे की बंद, हे दिसत नाही. कापूस अडकला की पलीकडच्या टोकाचा माणूस खूण करायचा, अलीकडं अंगद खटका पाडून मळसूत्र बंद करायचा, आणि मग तो माणूस पत्रा उचलून, आत हात घालून गोळा काढायचा. पलीकडचा माणूस म्हणजे सटवा.

आधी खुणेला तांबडा दिवा होता. रुईच्या भुकटीत तो दिसेनासा व्हायचा, म्हणून यंदा दिवाळीनंतर मालकांनी मनगटाला बांधायचे पेजर आणले. सगळ्यांच्या खिशात मोबाईल असताना पेजर कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण आगीच्या भीतीनं जिनिंगमध्ये मोबाईल फाटकावरच काढून घेतात, आणि आत यंत्रांचा आवाज असा की कानाशी ओरडलेलं ऐकू येत नाही. मांजरसुंब्याच्या एका मोठ्या हॉटेलातही आता वाढप्यांच्या मनगटावर तसले पट्टे दिसतात. भिंतीवरचं बटण दाबलं की मनगट थरथरतं, पट्ट्याच्या काचेवर बारीकसा आकडा उमटतो. कामात नजर गुंतलेली असली तरी कातडीला कळतं.

पट्टे आले त्या संध्याकाळी अंगद माझ्या ओट्यावर येऊन बसला.

“मास्तर, माझ्या कातडीला काईच कळत न्हाई.”

“म्हणजे?”

“शुगरनं हात मेलेत. दोन वर्षं झाली. चहाचा कप लई गरम हाय का, हे जानकीला इचारून धरतो.”

“मग साहेबांना सांग.”

“सांगितलं की घरी बसवतेत. अन् घरी बसून काय करू? ढोलकी तर गेलीच. हा खटका तेवढा ऱ्हायलाय.”

त्याचे हात मांडीवर उताणे पडले होते. ते हात मला बघवले नाहीत आणि मी सांगू नये ते सांगितलं. एका जत्रेत तापानं त्याचे दोन्ही कान बंद झाले होते. तेव्हा नाचणाऱ्या राजनंदिनीच्या पावलांवर नजर ठेवून त्यानं अख्खी बारी वाजवली होती, एकही मात्रा न चुकता. त्याची मी त्याला आठवण करून दिली. म्हटलं, “तिथंही कोणाकडं तरी बघ की.”

त्याचा चेहरा उजळला. मलाही फार बरं वाटलं त्या वेळी.

त्याच्यासमोर मोहिनी नावाची बाई कापसातला कचरा निवडायला बसायची. तिच्याही हाताला त्याच बटणाचा पट्टा होता. थरथरला की ती दचकून मान वर करायची. अंगदनं ती मानच खूण म्हणून धरली. सुपरवायझर मोहनरावांनी पट्ट्यांची चाचणी घेतली, त्यात अंगदचा खटका सगळ्यांच्या आधी पडला.

“म्हाताऱ्याचं मनगट पोरांपेक्षा तिखट आहे रे,” मोहनराव म्हणाले.

मोहिनीला मात्र काहीच माहीत नव्हतं. एकदा ती जानकीबाईला म्हणाली, “मामी, मामा माझ्याकडंच का बघत बसतात वो?”

“नाटकातली खोड हाय बाई,” जानकीबाई म्हणाली. “घरी मला तर ढुंकून बघत न्हाई.”

तीन आठवडे असे गेले. एका सकाळी बाहेर गाड्या खाली करायला माणूस कमी पडला आणि मोहनरावांनी मोहिनीला तिकडं पाठवलं. समोरची जागा रिकामी झाली. त्याच वेळी अंगदनं खटक्यावरून उठायला हवं होतं. तो उठला नाही. एक दिवस निभून जाईल असं वाटलं, असं त्यानंच मला पुढं सांगितलं. तो मनगटाकडं टक लावून बसला, पण भुकटीनं काच पांढरी व्हायची, ती पुसायची, पुन्हा पांढरी व्हायची.

सटवानं बटण दाबलं. शिकवल्याप्रमाणं दहा आकडे मोजले. पत्रा उचलून हात आत घातला.

उजव्या हाताची चार बोटं गेली.

मोहनरावांनी अंगदला विचारलं, “हातातलं थरथरलं का?”

“न्हाई साहेब. मला काईच कळलं न्हाई.”

बोलला ते खरंच होतं. मोहनरावांनी पट्टा उघडला, आत रुई सापडली. पेजरच खराब, असं ठरलं. आठवड्यात जास्त जोरानं थरथरणारे नवे पेजर आले. अंगदला त्यातला पहिला मिळाला, खटकाही त्याच्याकडंच राहिला.

दवाखान्यातून सटवा घरी आल्यावर आम्ही दोघं त्याच्याकडं गेलो. अंगदनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. सटवानं पट्टी बांधलेला हात उचलून उशीवर ठेवला.

“सारी उमर ढोलकी बडवलीस बे,” तो म्हणाला, “अन् मनगटावर काय वळवळतंय ते कळंना तुला?”

“साहेबाला सांगायला निघालोय. आधी तुला सांगावं म्हणलं.”

“कावून सांगतोस? माझी बोटं उगवणार हायत का? मशीनचा दोष निघाला म्हणून मला फाटकावर राखणीला बसवतेत. तू बोललास की ‘आमचा काय दोष’ म्हणून मोकळे होतील. गप ऱ्हा.” मग त्यानं भिंतीकडं तोंड केलं. “अन् मला तोंड दाखवू नको.”

मी मध्ये बोललो. सुचवणारा मी होतो, असं म्हणालो. सटवानं तेही ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंगदनं पट्टा मोहनरावांच्या टेबलावर ठेवला. वय झालं, एवढंच म्हणाला. मोहनरावांनी हार घालून निरोप दिला. तो हार त्यानं रस्त्यातच एका शेळीपुढं टाकला.

पुढच्या आठवड्यात शिरूर कासारची एक टोळी उशिरानं ऊसतोडीला निघाली. त्यांना एक जोडी कमी पडत होती. ऊसतोडीला एकट्या माणसाला घेत नाहीत. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मागं वाकून मोळी बांधायची. म्हणून अंगदच्या कोयत्यामागं मोळी बांधायला जानकीबाईलाही जावं लागलं. मी ट्रकपर्यंत गेलो होतो.

“अंगद, या वयात ऊस?”

“तिथं बरं हाय, मास्तर,” तो म्हणाला. “कोयता माझा, हात माझा. लागलं तर मलाच लागंल. दुसऱ्या कोणाचं बोट मधी येत न्हाई.”

जानकीबाई ट्रकमध्ये गाठोड्यावर बसली होती. तिनं ते ऐकलं. दोन्ही हात तिनं पदराखाली ओढून घेतले.