एका माणसाचा चहा

फोन आला तेव्हा मी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. रविवारची सकाळ. पलीकडून आवाज आला, "नमस्ते आंटी. मैं रेशमा बोल रही हूँ. मुनिरका से, क्लासवाले कमरे से." एवढं बोलून ती थांबली. फोनवर आधी आपलं नाव सांगायचं, मग जागा, मग काम, आणि समोरच्याला नीट ऐकू गेलं का हे कळण्यासाठी मध्ये जरा थांबायचं, हे माझ्या नवऱ्यानंच तिला शिकवलेलं. मी वैतागून म्हणाले, "हाँ, आगे तो बोलो." मग ती म्हणाली, "सर गिर गए हैं, आंटी. उठ नहीं रहे…" आणि पुन्हा थांबली. एवढ्या मोठ्या बातमीतही त्या मुलीनं क्रम चुकवला नाही. नोएडाहून मुनिरकाला मेट्रो थेट जाते, दर रविवारी ते तिनंच जायचे. मी मात्र कॅब केली आणि वाटेत अडकून पडले. पोचले तेव्हा हॉस्पिटलात सगळं आटोपलं होतं. भिंतीला लागून त्यांच्या क्लासची मुलं उभी होती, एका ओळीत.

चाळीस वर्षं मी त्यांना 'अहो' म्हणत आले. लेखात 'अहो' चालायचं नाही म्हणून दिनकर लिहिते आहे. आता काहीही म्हटलं तरी ओ मिळणार नाही. आम्ही दोघंही नगरकडचे, दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत, आणि आमचा सगळा संसार दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाला. दिनकर मंत्रालयातले अधिकारी. फायलीवर शेरा मारावा तसं बोलायचे, थोडं आणि शेवटचं. रिटायर व्हायला थोडे दिवस राहिले असताना त्यांना एका पाहणीसाठी शहराबाहेरच्या एका बालगृहात पाठवलं. आईवडील नसलेली, किंवा असून नसल्यासारखी मुलं तिथं वाढतात आणि अठरा पूर्ण झाली की त्यांना बाहेर पडावं लागतं. दिनकर गेले त्या दिवशी एक मुलगी अशीच निघाली होती. हातात एक बॅग. यांनी विचारलं, "कहाँ जाओगी?" तिनं फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. बाकी काही नाही, नुसता रस्ता. घरी येऊन ते जेवले नाहीत. मी म्हटलं, आता ह्यांच्या डोक्यात काहीतरी शिरलं, आणि माझ्या नाकी नऊ येणार. दोन्ही खरं झालं.

ती मुलगी म्हणजे रेशमा. दिनकरांनी तिला ओळखीनं एका वर्किंग गर्ल्स हॉस्टेलमध्ये जागा मिळवून दिली आणि दुसऱ्या रविवारी घरी जेवायला बोलावलं. जेवणं झाली, मला दुपारचा चहा लागतो, तर मी सहज म्हटलं, "बेटा, ज़रा चाय चढ़ा दो." तिनं विचारलं, "कितने लोगों की?" मी म्हटलं, "सिर्फ़ मेरी. साहेब इस वक्त नहीं पीते." थोड्या वेळानं आत जाऊन बघते तर गॅसवर आमचं सगळ्यात मोठं पातेलं, सणावारी खिरीला काढायचं ते, आणि त्यात फ्रीजमधलं होतं नव्हतं तेवढं दूध. ती घाबरून ओट्याला चिकटून उभी. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, "आंटी, मुझे साठ की आती है. दस तक कम कर लेती हूँ अंदाज़े से. उससे कम कभी बनाई नहीं." मला हसू आलं आणि रागही आला, कारण दूध संध्याकाळच्या विरजणाचं होतं. शेजारच्या बंगाली बाईंना, वरच्या मजल्यावरच्या बिहारी कुटुंबाला, सगळ्या जिन्याला मी त्या दिवशी चहा पाजला. दिनकर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "हिला एकटीसाठी काही करायची वेळच आली नाही गं कधी."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना ते आयएनए मार्केटमधून एक पातेलं घेऊन आले. एवढंसं, बाहुलीच्या भातुकलीतलं वाटावं असं. मी म्हटलं, ह्यात काय उकळणार, डोळ्यातलं पाणी? रिटायर झाल्यावर आम्ही नोएडाला फ्लॅट घेतला आणि त्यांनी मुनिरकात तिसऱ्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेतली, जिना असा अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं मागं फिरायचं. तिथं रविवारी बालगृहांतून बाहेर पडलेली मुलंमुली यायची. घरमालकाशी कसं बोलायचं, डॉक्टरला नेमकं काय दुखतं ते कसं सांगायचं, साहेबाला न भांडता 'नाही' कसं म्हणायचं, असं सगळं शिकवायचे. पण नवीन आलेल्याचा पहिला धडा चहाचा. त्या छोट्या पातेल्यात एकाच माणसाचा चहा. कपानंच पाणी मापायचं, कपानंच दूध. स्वतः हात लावायचे नाहीत, फक्त शेजारी उभे राहायचे. आणि चहा झाला की त्या मुलाला खुर्चीवर बसवून स्वतः बाहेर जिन्यात जाऊन थांबायचे. कारण ही मुलं रांगेत उभी राहून, घाईघाईनं, सगळ्यांबरोबर चहा प्यायलेली. कप घेऊन एकटं बसायची वेळ आली की बाहेर पळत यायची. दिनकर म्हणायचे, "संपला का? नाही? मग जा आत." एका मुलानं त्यांना विचारलं होतं, "सर, एक ही कप बनाएँ और कोई आ गया तो?" ते म्हणाले, "आ गया तो फिर से चढ़ाएँगे."

मला ते सगळं अति वाटायचं, आणि खरं सांगू, आजही थोडं वाटतं. साठीतला माणूस दर रविवारी जिन्यात उभा, आत कुणीतरी चहा पितंय म्हणून! मी म्हणायची, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या त्या भाजा, पण निदान खुर्ची तरी घेऊन बसा बाहेर. आमचा अमित पुण्यात नोकरीला, तो फोनवर चिडवायचा, "आई, बाबांनी मला कधी शिकवला नाही चहा करायला." शिकवतील कशाला, घरात हे स्वतः कधी गॅसपाशी फिरकले नाहीत. सकाळी मी दोन कप टाकायची, एक त्यांना पेपर वाचताना नेऊन द्यायची, आणि ते मान वर न करता 'हं' म्हणायचे. चाळीस वर्षांचा हा आमचा संवाद.

आणि सगळी मुलं काही तरली नाहीत. वाचणाऱ्यांना वाटेल, सरांनी हात लावला की सोनं झालं. तसं नसतं. कुणी दोन रविवार येऊन गडप व्हायचं, कुणी फोन बदलायचं. एक मुलगा, चांगली नोकरी लागलेला, सुटीच्या दिवशी आपल्या खोलीतून उठून जुन्या बालगृहाच्या फाटकाशी जाऊन बसायचा, चौकीदाराच्या स्टुलाशेजारी. आत घेत नाहीत हे त्याला माहीत होतं. नुसता बसायचा. दिनकर त्याला तीनचारदा आणायला गेले, मग एकदा तो तिथंही सापडला नाही. त्या दिवशी ते घरी आले आणि बूट न काढता सोफ्यावर बसून राहिले. मी पाणी दिलं. म्हणाले, "दमलो गं… ह्यांना कामं सगळी येतात. कपडे धुतात, साठ माणसांचा स्वयंपाक करतात. एकटं बसता येत नाही, तेवढ्यावरून सगळं मोडतं." मी म्हटलं, सोडा आता, वय झालं. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या रविवारी गेले. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

रेशमाचंही सोपं नव्हतं. तिनं मुनिरकातच खोली घेतली तेव्हा सुरुवातीला रोज मोठा कुकर लावायची आणि सगळ्या मजल्यांवर वाटत सुटायची. कुणी नको म्हटलं की रडायची. रोज संध्याकाळी दिनकरांना फोन. मी म्हणायची, ही मुलगी काही एकटी राहायची नाही, लग्न तरी लावून द्या. ते म्हणायचे, "एकटं राहता आलं की मग हवं तर करील." मग एके दिवशी ते फोन ठेवून स्वयंपाकघरात आले. चेहरा असा, अमित दहावी पास झाला तेव्हा होता तसा. म्हणाले, "रेशमानं आज एकच कप केला. बसून प्यायली." मी भाजी परतत होते. म्हटलं, वा, आता पेढे वाटा. त्यांनी खरंच आणले हो संध्याकाळी…

दफनविधीला आमची दिल्लीतली मराठी ख्रिस्ती मंडळी आली, जुने ऑफिसवाले आले. प्रार्थना झाली. मूठमातीच्या वेळी नातेवाइकांची नेहमीसारखी गर्दी झाली, कोण आधी, कोण नंतर. दिनकरांची मुलं मात्र कुणी न सांगता एका रांगेत उभी राहिली, बालगृहात जेवणाला राहायची तशी. रेशमा सगळ्यात शेवटी होती. नोएडातल्याच एका ऑफिसात रिसेप्शनवर आहे ती आता, चांगली साडी नेसून आलेली. तिनं माती टाकली आणि माझ्याजवळ न येताच निघून गेली. मला तेव्हा राग आला होता.

नंतर अमित राहिला थोडे दिवस, गेला, पुन्हा आला. मी रोज सकाळी उठायची, आधण ठेवायची, दोन कप ओतायची. दुसऱ्यावर बशी झाकायची. तो डायनिंग टेबलावर दुपारपर्यंत तसाच राहायचा, वर साय धरायची, मग मी तो सिंकमध्ये ओतायची. मला कळत होतं हो, मी काही वेडी नाही. पण एक कप टाकायचा म्हणून गॅसपाशी उभी राहिले की हातच उचलायचा नाही. मग वाटायचं, राहू दे, नकोच चहा. चहा नको तर आंघोळही नको, जेवणही नको. दिवसभर गाऊनमध्ये खिडकीशी. इतका थकवा मला नोकरी, घर, मूल सगळं करतानाही आला नव्हता. अमितनं तो झाकलेला कप बघितला आणि म्हणाला, "आई, बस्स झालं यार. तू नाही राहू शकणार इथं एकटी. पुण्याला चल, फ्लॅट विकून टाकू." त्यानं तिकीट काढलं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पुण्याला जायचं नव्हतं. इथं राहता येईल असंही वाटत नव्हतं. त्याला सांगणार काय?

मागच्या रविवारी अमित खाली गाडी धुवायला गेला होता, तेव्हा बेल वाजली. रेशमा होती. मुनिरकातली खोली आता ती आणि क्लासमधली आणखी दोघं मिळून चालवणार आहेत, ते सांगायला आली होती. पिशवीत ते छोटं पातेलं. बूड काळं पडलेलं, कड एका जागी चेपलेली. म्हणाली, "हमने वहाँ दूसरा ले लिया. यह आपका है." मी म्हटलं, ठेव तिथं. तिनं टेबलावरचा झाकलेला कप बघितला. स्वयंपाकघरात गेली, पातेलं गॅसवर ठेवलं, माझा कप शेजारी ठेवला आणि बाजूला उभी राहिली. हात मागे बांधून, अगदी त्यांच्यासारखी.

"आंटी, आप बनाइए. मैं अभी नहीं पिऊँगी."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तू मुझे चाय सिखाएगी? मैं चालीस साल से बना रही हूँ."

"नहीं आंटी," ती म्हणाली. "चाय तो आपको आती है… एक की नहीं आती."

मी कपानं पाणी मापलं, कपानं दूध मापलं. एवढ्याशा पातेल्यात तो लगेच उकळला, मला दचकायला झालं. गाळला, एक कप भरला आणि पातेलं रिकामं झालं. तिनं खुर्ची मागं ओढून मला बसवलं आणि स्वतः बाल्कनीत जाऊन, दार ओढून घेऊन, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. समोर त्यांची खुर्ची. मी रडले, चांगली पोटभर रडले, आणि मध्येच उठून बाल्कनीकडे निघाले. तिनं मागं न वळता विचारलं, "ख़त्म हुई?" मी परत येऊन बसले. चहा जरा गोड झाला होता. सगळा प्यायले.

अमित वर आला तेव्हा मी कप विसळत होते. ओट्यावर एकच कप बघून तो दारातच थांबला. मी म्हटलं, "ते तिकीट रद्द कर. सुटीत येईन पुण्याला, राहायला नाही." तो काहीतरी बोलणार होता, पण बाल्कनीचं दार उघडून रेशमा आत आली आणि टेबलाशी बसली. आता तिलाही हवा होता.

मी पातेलं घासलं आणि फिर से चढाया.