तूर झाकली म्हणून

परवा शेजारणीने तुरीला तेल चोळून ती गच्चीवर वाळत घातली आणि तो वास खाली माझ्या दारात आला. लातुरातल्या आमच्या या गल्लीत आता क्लासच्या पोरांची होस्टेलं आहेत. तीस वर्षांपूर्वी इथे डाळमिल होती, मी तिथे कामाला होते आणि आमचा संप चालू होता.

आम्ही बाया फाटकाबाहेर बसलो होतो. आत अंगणात तेल लावलेली तूर पसरलेली. आभाळ भरून आलं तशी रेहाना उठली. भूकंपात तिचा नवरा गेला होता, लेकरं घेऊन ती पत्र्याच्या शेडमध्ये राहायची.

"खाली बस," युनियनचा पुढारी ओरडला. "मालकाची तूर हाय. भिजू दे."

"मालकाची असंल भाऊ, पर खायाचंच हाय न्हवं?" म्हणत ती आत गेली आणि तिने तुरीवर ताडपत्री ओढली.

"फितूर झाली ही!"

मी म्हणाले, "तू घरी डाळ खातूस का झेंडा?" बाया हसल्या. तो हसला नाही.

संप मिटला. युनियनमुळे आम्हाला भरपगारी सुट्टी मिळाली, खोटं कशाला बोलू? पण रेहानाला परत घ्यायचं नाही, ही अटही युनियनचीच होती. मालक तर घ्यायला तयार होता.

तेव्हा वाटलं, एका माणसाचा राग आहे, निवळेल. आता कळतं, मालकाशी भांडायला युनियन होती. युनियनशी भांडायला आम्हाला कोणीच नव्हतं.

पहिल्या भरपगारी सुट्टीला मी रेहानाला घेऊन दुसऱ्या मिलांत काम मागायला गेले. प्रत्येक फाटकावर आमच्याच युनियनचा झेंडा होता आणि तिचं नाव आमच्याआधी तिथे पोचलं होतं.