इनासने ओळखलेलं लाकूड

इनासबद्दल चांगलं बोल म्हणून मला सांगू नका. बोलेन, पण माझ्या पद्धतीने.

तो मूळचा काशीगावचा, भातशेती करणाऱ्यांतला. उत्तनच्या बंदरावर पहिल्यांदा आला तेव्हा ओहोटीला कलंडलेल्या होड्या बघून ‘या मोडल्या काय?’ असं विचारणारा माणूस! आणि मी, कैतान, तीन पिढ्या होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या घरातला. तरी पास्कू मेस्त्रींनी आम्हा दोघांना एकाच दिवशी हाताखाली घेतलं आणि शेजारी शेजारी जेवायला बसवलं. तिथूनच माझं जळणं सुरू झालं.

इनास काटकुळा, कमी बोलणारा. फळीला रंधा मारून झाला की तिच्यावरून हात फिरवायचा, मग चक्क गाल टेकवायचा. ‘अरे, बायको हाय काय ती?’ मी चिडवायचो. सगळे हसायचे आणि तोही हसायचा. त्याचं ते हसणं मला अजून सहन होत नाही.

मेस्त्रींकडे बापजाद्यांचा एक वाकस होता, लाकूड तासायचा. नवीन होडीच्या पठाणीवर, म्हणजे तळाच्या त्या लांब लाकडावर, पहिला घाव त्याच वाकसाने पडायचा. मेस्त्रींचा मुलगा बस्त्याव बोटीवर नोकरीला, त्याला सुतारकी नकोच होती. म्हणजे मेस्त्री थकले की वाकस आम्हा दोघांतल्या एकाला जाणार, आणि ज्याच्याकडे वाकस तो उत्तनचा मेस्त्री. मला तो हवा होता. घरदार, बायकोपोरं, सगळ्यांहून जास्त हवा होता. खोटं कशाला बोलू?

छत्तीस साली ईस्टरला बस्त्याव रंगूनहून सुट्टीवर आला. सोमवारी मेस्त्रींनी आम्हाला बोलावलं. ओट्यावर हातभर लांबीचा एक ओंडका ठेवलेला, आणि भोवती अर्धं बंदर जमलेलं.

“ह्ये काय हाय ते सांगा,” मेस्त्री म्हणाले. “बरोबर सांगेल त्याचा वाकस.”

आमच्याकडे रीत अशी की नवीन लाकूड आलं की आधी नाव सांगेल त्याचाच हात त्याला आधी लागायचा. तीन पावलांवरून ओळखेल तो खरा सुतार. जवळ जाऊन चाचपणारा कच्चा. मी तीन पावलांवर उभा राहिलो. काय स्वच्छ दिसत होतं! तपकिरी खडबडीत साल, आत पिवळसर कड, मग तांबूस गाभा. वर्षावर्षाची वलयं, एक गाठ, किड्याने पोखरलेलं भोकसुद्धा.

“साग! ब्रह्मदेशचा साग!” मी ओरडलो. लोक म्हणाले, शाबास रे कैतान.

इनास जवळ गेला. त्याने ओंडका उचलला तर त्याचे खांदेच खाली ओढले गेले. नखाने खरवडलं, टिचकी मारली, आणि त्या शहाण्याने गाल टेकवला.

“मेस्त्री,” तो म्हणाला, “ह्ये कवातरी लाकूड व्हतं. आता न्हाय. आता दगड हाय.”

मी हसलो. एकटाच हसलो. मग माझा स्वतःचा वाकस घेऊन सगळ्यांसमोर घाव घातला. ठिणगी उडाली आणि धारेचा टवका तुटून पडला.

बस्त्यावने समजावलं. तिकडे इरावती नदीच्या बाजूला अशी खोडं पडलेली असतात. झाड पुरात पडतं, वाळूगाळाखाली गाडलं जातं. हवा लागत नाही, म्हणून नेहमीसारखं कुजत नाही. वरून मुरणाऱ्या पाण्यात गारगोटी विरघळलेली असते. ती लाकडाच्या बारीक नळ्यांत शिरते आणि साचते. लाकडाचा कण गेला की त्याच जागी दगडाचा कण बसतो. म्हणून वलय, गाठ, किड्याचं भोक, सगळं जागच्या जागी राहतं. पाण्यात लोखंडाचा अंश असला की तांबूस रंग येतो. लाखो वर्षांचं काम, असं त्याला तिकडच्या कुणा साहेबाने सांगितलं होतं.

लाखो वर्षं! आणि माझं मेस्त्रीपण गेलं एका टिचकीत.

मग मी काय केलं? गावभर सांगत सुटलो की बस्त्यावने इनासला आधीच फोडून सांगितलं होतं. बस्त्याव बोटीवर परत गेलेला, मेस्त्री वाचा जाऊन अंथरुणाला खिळलेले, विचारणार कुणाला? चौकात सांगितलं, शेजारच्या पाली गावात सांगितलं, रविवारची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सुटल्यावर देवळाच्या दारात सांगितलं. आधी लोक ‘जा रे’ म्हणाले. पण हळूहळू होड्या माझ्याकडे यायला लागल्या. वाकस इनासच्या घरी आणि पठाणी माझ्या अंगणात! मेस्त्री वारले तेव्हा मी इनासला खांदा द्यायलाही पुढे येऊ दिलं नाही. इनास भाईंदरला मिठागरांची पाणी अडवायची दारं ठोकायला जाऊ लागला. मला बरं वाटायचं. बरं कसलं, गोड वाटायचं.

लढाई संपली आणि सेहेचाळीस साली बस्त्याव परतला. बंदरावर सगळे जमले होते. इनासने इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

“बस्त्याव, त्या ओंडक्याचं तू मला आधी सांगितलं व्हतंस काय रे?”

“तुला?” बस्त्याव चकित झाला. “तुला कशाला? मी कैतानला सांगितलं व्हतं. बाबानंच धाडलं व्हतं मला. उद्या बोलायच्या आधी उचलून बघ म्हणून.”

खरं होतं. ओंडका ओळखायच्या आदल्या संध्याकाळी बस्त्याव माझ्या अंगणात आला होता. ‘कैतानला लाकूड ओळखायला शिकवतोस?’ म्हणून मी त्याला हाकलून दिलं होतं. दहा वर्षांत एक दिवस मी ते विसरलो नव्हतो.

इनास माझ्याकडे बघत राहिला. थुंकला असता, मारलं असतं, तर परवडलं असतं.

“म्हंजे मेस्त्रीला तूच पायजे व्हतास,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

आयुष्यात पहिल्यांदा इनासला माझा हेवा वाटत होता. मला त्याच्याकडे बघवेना.